तपकिरी रंगातला उजेड

या पुस्तिकेत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच चित्र आहे. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं, साच्यातून नुकतंच सुटलेलं एक गडद चॉकलेट. ते छायाचित्रावरून बनवायचं नाही. इमेज एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडायचं, रिकामा कॅनव्हास घ्यायचा आणि पाथ, लेअर, ग्रेडियंट, मास्क, ब्लर एवढ्याच सामग्रीतून ते असं उभं करायचं, की पाहणाऱ्याला उचलून खावंसं वाटेल. एवढ्याशा वस्तूसाठी अख्खी पुस्तिका कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखं नाही, म्हणून ही प्रस्तावना लांबली आहे.

ग्राफिक्स शिकायला लागलेली मुलं सहसा सोन्याची अक्षरं, पेटती अक्षरं, लाकडावर कोरलेलं नाव, काचेवरचे थेंब असल्या गोष्टींपासून सुरुवात करतात. त्यात गैर काही नाही. पण लाकडाला रेषा असतात, दगडाला खरखर असते, ज्वाळेला ठरलेला आकार नसतो. त्या पोताच्या आड आपल्या पुष्कळ चुका दडून जातात. उजेड भलत्या बाजूने आला तरी लाकडाच्या रेषा डोळ्याला गुंतवून ठेवतात. चॉकलेटपाशी ही सोय नाही. रंग एकच, अंग तुळतुळीत, वर ना नक्षी ना दाणा. मग ते खरं वाटण्यासाठी उरतात तीनच गोष्टी: कड कशी वळते, चकाकी कुठे आणि कोणत्या आकाराची पडते, आणि उजेडातून सावलीत जाताना रंग कसा उतरतो. यांतली एक जरी बिघडली तरी चॉकलेटचं प्लॅस्टिक होतं, नाही तर पॉलिश केलेलं शिसवी लाकूड होतं, नाही तर सरळ चिखल. शिकणाऱ्याला इतक्या लवकर उघडं पाडणारी, आणि म्हणूनच इतक्या लवकर शिकवणारी, दुसरी वस्तू मला ठाऊक नाही.

चॉकलेट इफेक्टच्या तयार कृती पुष्कळ आहेत, आणि त्या का पुरत नाहीत हे आधी सांगायला हवं. फोटोशॉपची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० मध्ये मॅकिंटॉशसाठी आली. टॉमस नोल मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेटचं काम करत असताना त्याने पडद्यावर करड्या छटा दाखवण्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम हे त्याचं मूळ. चित्रपटांच्या स्पेशल इफेक्ट्सच्या कामात असलेला त्याचा भाऊ जॉन पुढे त्यात सामील झाला. तेव्हा लेअर नव्हते. एकावर एक ठेवलेली गोष्ट कॅनव्हासला चिकटली की चिकटली. लेअर आले १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. आणि १९९८ साली पाचव्या आवृत्तीत लेअरलाच जोडलेले इफेक्ट आले: पडछाया, आतली सावली, बेव्हल आणि एम्बॉस. तोवर ज्यासाठी चॅनेल उघडून, ब्लर देऊन, दोन प्रती सरकवून तासभर झटावं लागायचं, ते एका खुणेवर होऊ लागलं. तेव्हापासून कृतींचा सुकाळ झाला. साइज इतका ठेवा, डेप्थ इतकी ठेवा, वर प्लॅस्टिक रॅप फिल्टर मारा, झालं चॉकलेट.

या आकड्यांची गंमत अशी की ते ज्या कॅनव्हासवर ठरवले त्यापलीकडे त्यांना अर्थ नसतो. बेव्हल, म्हणजे कडेला दिलेला उतार, मोजलं जातं पिक्सेलांत. ५०० पिक्सेल रुंदीच्या बदामाला २० पिक्सेलांचं बेव्हल दिलं तर कड चांगली जाडजूड, गोलसर दिसते. तेच २० पिक्सेल ३००० पिक्सेलांच्या बदामावर दिले, की कडेला नुसता दोरा फिरवल्यासारखा वाटतो. आकडे तंतोतंत उतरवून घेतलेल्या मुलाला आपलं चित्र पुठ्ठ्यातून कापल्यासारखं का दिसतंय ते कळत नाही, आणि दोष तो आपल्या हाताला देतो. म्हणून या पुस्तिकेत पिक्सेल फारच क्वचित येतील. बेव्हल बदामाच्या रुंदीच्या कितवा हिस्सा असावं, पडछायेचा ब्लर चॉकलेटच्या जाडीच्या किती पट असावा, अशी प्रमाणं येतील.

बेव्हलच्या आत नक्की काय घडतं, हे एकदा कळलं की निम्मी भीती जाते. सॉफ्टवेअर आकाराच्या आतल्या प्रत्येक बिंदूचं कडेपासूनचं अंतर मोजतं. कडेजवळचा बिंदू खोल, आतला उंच, असं धरून सपाट आकाराचा एक काल्पनिक उंचवटा तयार होतो. मग प्रत्येक ठिकाणचा उतार कोणत्या दिशेला झुकलाय ते काढायचं, आणि तो उतार प्रकाशाकडे तोंड करून असेल तर उजळायचं, पाठ करून असेल तर काळवंडायचं. बस इतकंच. चित्र सपाटच राहतं, फक्त प्रकाशाचा हिशेब उंचसखल जागेचा होतो. पृष्ठभाग न हलवता नुसत्या उताराच्या दिशेत फेरफार करून खडबडीतपणा दाखवण्याची ही युक्ती जेम्स ब्लिन यांनी १९७८ साली मांडली. गिंप या फुकट सॉफ्टवेअरमधला बम्प मॅप हा फिल्टर त्याच घराण्यातला.

आता बदामाचाच आकार घ्या. कडेपासूनचं अंतर सगळीकडून वाढत गेलं तर दोन बाजूंचे उतार मध्यावर भेटतात, आणि घराच्या कौलारू छपराला असतो तसा एक कणा उमटतो. बदामात हा कणा खालच्या टोकापासून सरळ वर येतो आणि खाचेच्या खाली फुटून दोन गोलाकारांत शिरतो, म्हणजे चक्क इंग्रजी वाय दिसतो. बेव्हलचा आकार वाढवत नेणाऱ्याला हा वाय अचानक दिसतो आणि तो गोंधळतो. खऱ्या चॉकलेटवर असा कणा नसतो. तिथे कड वळते आणि माथा जवळजवळ सपाट, किंचित फुगीर राहतो. म्हणून बेव्हल कणा उमटण्याच्या बरंच आधी थांबवायचं आणि माथ्याचा फुगवटा वेगळ्या लेअरवर, मोठ्या मऊ ग्रेडियंटने द्यायचा. एका इफेक्टकडून दोन्ही कामं करून घेण्याचा मोह हे बहुतेक फसलेल्या चित्रांचं कारण आहे.

कड अशी का वळते, याचं उत्तर कारखान्यात आहे. बदामाची चॉकलेटं बहुधा कडक पॉलिकार्बोनेटच्या साच्यात ओततात. साच्याच्या भिंती सरळ उभ्या असल्या तर चॉकलेट अडकेल, म्हणून त्या बाहेरच्या बाजूला जरा कललेल्या ठेवतात. अगदी टोकदार कोपरा केला तर तिथे हवेचा बुडबुडा अडकतो किंवा काढताना टवका उडतो, म्हणून कोपरे गोल. वरची खाचही चाकूने चिरल्यासारखी नसते, ती जराशी रुंदावलेली असते. चॉकलेट नीट घट्ट झालं की किंचित आकसतं आणि साच्यापासून आपोआप सुटतं. साच्याची आतली बाजू जितकी गुळगुळीत तितकी तकाकी चॉकलेटच्या अंगावर येते. चॉकलेटच्या पाकात बुडवून काढलेल्या गोळ्यांचं रूप निराळं असतं: त्यांच्या कडा आणखी मवाळ, आणि बुडाशी पाक ओघळून बसलेली पसरट किनार. आपण साच्यातलं चॉकलेट निवडलंय, तेव्हा ती किनार आपल्या चित्रात येता कामा नये. आधी वस्तू कशी घडली ते ठरवायचं, मग ब्रश उचलायचा.

तकाकीचा संबंध तपमानाशीही आहे. कोको बटर सहा निरनिराळ्या प्रकारे स्फटिक बांधतं, आणि कारागिराला हवा असतो त्यांतला पाचवा. गडद चॉकलेट ४५ अंशांच्या पुढे वितळवायचं, ढवळत २७-२८ पर्यंत खाली आणायचं, पुन्हा ३१-३२ पर्यंत चढवायचं. ही झाली टेंपरिंगची साधी रीत. पाचव्या प्रकारच्या स्फटिकांचं चॉकलेट सुमारे ३४ अंशांना वितळतं, म्हणजे हातात धरवतं आणि तोंडात विरघळतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा दप्तरात राहिलेलं चॉकलेट वितळतं आणि घरी फ्रिजमध्ये पुन्हा घट्ट होतं. काही दिवसांनी त्यावर पांढुरकी झाक येते. ती बुरशी नसते. चरबी वर येऊन तिचे बारीक, वेडेवाकडे स्फटिक बसलेले असतात. गुळगुळीत अंग खडबडीत झालं, एका दिशेने परतणारा प्रकाश चहूकडे उधळला, चकाकी गेली, रंग फिकटला. चित्र काढणाऱ्यासाठी यात मोठा धडा आहे. चकाकीचा थर बंद करून त्या जागी फिकट, धुरकट थर ठेवला तर आपलं चॉकलेट शिळं दिसू लागतं. पाचव्या प्रकरणात हे मुद्दाम करून पाहायला सांगितलंय.

चकाकीकडे मात्र थोडं जवळून पाहू. दिवसा, दिवे बंद करून, चॉकलेटचा तुकडा खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवा. चित्रांमध्ये हायलाइट म्हणून जो पांढरा गोल ठिपका काढतात तो इथे दिसणार नाही. दिसेल ती खिडकी. कडेच्या गोलाईवर ती आक्रसून, वाकून, लांबट झालेली असेल. आणि नीट निरखलं तर तिच्यात ग्रिलच्या गजांच्या काळ्या रेघाही सापडतील. एक दोन पडदे ओढले तर ती अरुंद होईल. मान खाली-वर केली की ती जागा सोडून सरकेल, पण चॉकलेटची उजळ बाजू आणि अंधारी बाजू जिथल्या तिथे राहील. म्हणजे पृष्ठभागावर दोन वेगवेगळे प्रकाश आहेत. एक चॉकलेटच्या आत शिरून, रंग घेऊन, सगळीकडे विखुरणारा. दुसरा आत न शिरता वरच्या वर परतणारा. ब्वी तुआँग फाँग या व्हिएतनामी संशोधकाने यूटा विद्यापीठात याच दोहोंची फारकत करून, सभोवतालचा मंद प्रकाश जोडून, संगणकाला चकाकी शिकवणारं सूत्र दिलं. १९७३ चा त्याचा प्रबंध, १९७५ चा लेख. त्याच वर्षी तो वारला. आजही बऱ्याच त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये त्याचं नाव भेटतं. आपण लेअरमध्ये हेच करणार आहोत: रंगाचा उतार एका लेअरवर, चकाकी दुसऱ्यावर, आणि दोहोंची कधी भेसळ करायची नाही.

वरच्या वर परतणाऱ्या प्रकाशाला चॉकलेटचा रंग लागत नाही. तो खिडकीच्या रंगाचा असतो, दुपारी निळसर पांढरा, बल्बखाली पिवळट. धातूचं उलटं असतं. सोन्याची चकाकीच पिवळी, तांब्याची तांबूस. चॉकलेटवर तांबूस हायलाइट दिला की बदाम तांब्याचा का दिसतो, ते यात आहे. आणखी एक. समोरून पाहताना या चकाकीत येणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम तीन-साडेतीन टक्के हिस्सा असतो, पण नजर तिरपी होत गेली की हिस्सा झपाट्याने वाढतो. म्हणून आपल्यापासून दूर वळत जाणाऱ्या कडांना एक बारीक, फिकट उजळ रेघ असते. ती रेघ दिली की चॉकलेट कागदावरून सुटून वर येतं. पांढरं चॉकलेटसुद्धा तेवढाच हिस्सा परत पाठवतं, पण त्याचं अंग मुळातच उजळ असल्याने तो उठून दिसत नाही. गडद चॉकलेट तकतकीत वाटतं ते त्याच्या काळेपणामुळे. प्लॅस्टिक रॅप फिल्टरवर माझा राग आहे तो यासाठीच. तो चकाकी सगळ्या अंगभर, सारख्याच जाडीच्या वळशांत वाटून टाकतो. खिडकी एका ठिकाणी असते.

रंगाबद्दल न लिहिता पुढे जाता येणार नाही. इंद्रधनुष्यात तपकिरी नाही. तपकिरी म्हणजे उजळ परिसरात दिसणारा अंधारा नारिंगी. वेबपेजसाठी ठरलेल्या रंगनावांत ‘चॉकलेट’ नावाचा एक रंग आहे: लाल २१०, हिरवा १०५, निळा ३०. नावावर विसंबून तो भरला तर पडद्यावर भगव्याकडे झुकणारा नारिंगी उमटतो. आता त्याच यादीतला ‘सॅडलब्राउन’ पाहा: १३९, ६९, १९. दोन्हींचा वर्ण रंगचक्रावर एकच येतो, २५ अंश. बदलला तो फक्त उजेड, आणि नारिंगीचा तपकिरी झाला. आपल्या बदामाची उजळ बाजू मी ९६, ४८, २४ धरली आहे आणि अंधारी बाजू ३२, १४, ८. दुसरी पहिलीपेक्षा काळी आहेच, शिवाय जराशी लालसरही आहे. खाचेत आणि बुडाशी प्रकाश चॉकलेटवरून चॉकलेटवर आपटत जातो, प्रत्येक आपटण्यात रंग गडद आणि गाढ होतो. म्हणूनच बेव्हलच्या सावलीचा मूळचा काळा रंग तिथे ठेवू नका. ती सावली ज्या मल्टिप्लाय मोडने खालच्या रंगावर बसते, तो म्हणजे शब्दशः गुणाकार. कशालाही काळ्याने गुणलं की उत्तर काळंच, आणि त्याची अपारदर्शकता कमी केली तर रंग नुसता काळवंडतो, गाढ होत नाही. गाढ तपकिरीने गुणलं तर सावलीत ऊब शिल्लक राहते.

हे वाचताना ज्यांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षा दिल्यात, त्यांना ओळखीचं काही जाणवेल. वस्तुचित्राच्या पेपरात समोर मांडलेल्या भांड्यावर उजेडाची बाजू, अंगची सावली, टेबलावरची पडछाया आणि बुडाजवळ उलटून आलेला प्रकाश शोधायला ड्रॉइंगचे सर शिकवायचे. तो उलटून आलेला प्रकाश आपल्या बदामालाही हवा: खाली पांढरा कागद असेल तर चॉकलेटच्या सावलीकडच्या खालच्या कडेला एक अगदी मंद उजळपणा, आणि बदल्यात कागदावर तपकिरीची पुसट झाक. महाराष्ट्रातल्या लाखो मुलांच्या हाताला हे वळण लागलेलं आहे. संगणकापुढे बसल्यावर ते शाळेतलं म्हणून बाजूला ठेवलं जातं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. भूमितीच्या पेपरातली कंपासही इथे उपयोगी पडते. चौरस टोकावर उभा करा, वरच्या दोन बाजूंवर प्रत्येकी एक अर्धवर्तुळ काढा, बदाम तयार. मग पेन टूलने त्याच्यावरून अर्धाच पाथ काढायचा आणि उरलेला अर्धा आरशातला. दोन्ही अर्धे हाताने काढलेला बदाम नेहमी एका बाजूला लवंडतो.

  

सॉफ्टवेअर कोणतंही चालेल. फोटोशॉप असेल तर उत्तम. नसेल तर गिंप आहे, १९९५ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं आणि आजही फुकट मिळणारं, क्रिटा आहे, ब्राउझरमध्येच उघडणारं फोटोपी आहे. मेनूतली नावं आणि जागा आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून मजकुरात मी ‘अमुक मेनूतलं तमुक बटण’ असं लिहिणं टाळलंय आणि काय घडवायचंय ते लिहिलंय. आता वाक्य टाइप केलं की तयार चित्र देणारी साधनंही आली आहेत. त्यांच्या चित्रात चकाकी एका खिडकीची आणि पडछाया दुसऱ्याच खिडकीची असू शकते, आणि ग्राहकाने उजेड डावीकडून हवा म्हटलं की सरकवायला लेअर नसतो. पण ती वापरणाऱ्यालाही काय बिघडलंय ते ओळखता यायला हवं, आणि ही नजर इथे तयार होईल.

शेवटी कामाच्या दोन अडचणी, कारण त्या पहिल्याच दिवशी भेटतात. पहिली पट्ट्यांची. आठ बिटांच्या चित्रात प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या असतात, पण आपला सगळा कारभार तळच्या पायऱ्यांवर चालतो. वरचे आकडे पाहा: निळा चॅनेल २४ वरून ८ वर येतो, म्हणजे १६ पायऱ्या. ८०० पिक्सेल लांबीच्या उतारावर एकेक पायरी ५० पिक्सेल रुंद होते, आणि मऊ सावलीऐवजी नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे दिसतात. फाइल १६ बिटांची ठेवा, आणि शेवटी आठ बिटांत आणताना डोळ्याला न जाणवेल इतका नॉइज मिसळा, पट्टे मोडतात. दुसरी अडचण छपाईची. पडद्यावरचा हा तपकिरी चार शाईंत उतरताना निळसर शाई जरा चढली तर हिरवट होतो, किरमिजी चढली तर विटकरी. हलक्या कागदावर ठिपका पसरतो आणि सावलीतले बारकावे बुजतात, म्हणून छापायच्या प्रतीत अंधारी बाजू पडद्यापेक्षा थोडी उघडी ठेवावी लागते. बेकरीच्या फ्लेक्ससाठी चित्र हवं असेल तर त्याच मशीनवर वीतभर तुकडा आधी छापून घ्या.

पहिल्या प्रकरणासाठी २००० बाय २००० पिक्सेलांचा, १६ बिटांचा कॅनव्हास उघडा आणि तळाच्या लेअरवर मध्यम करडा भरा. पांढऱ्यावर काम सुरू केलं तर गडद तपकिरी काळाच भासतो आणि हात तो उगाच उजळवत सुटतो; पांढरा कागद सहाव्या प्रकरणात, पडछायेच्या वेळी येईल. उजेडाची दिशा डावीकडून, वरून, अशी आत्ताच ठरवून एका वेगळ्या लेअरवर बाणाने नोंदवा. आणि एक खरं गडद चॉकलेट विकत आणून त्याच दिशेच्या उजेडात कीबोर्डशेजारी ठेवा. दुसरं प्रकरण पूर्ण होईपर्यंत ते खाऊ नका.